घर ट्रेलरवरून येणार. पण प्लॉटपर्यंत पोचणार का?

पाऊस ओसरला की पुण्यात प्लॉट बघायचा हंगाम सुरू होतो. या वेळच्या टपालात तयार घरांची पत्रं जास्त आहेत. कंटेनर, पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम), लाइट गेज स्टील (पातळ स्टीलच्या चौकटी) या सगळ्यालाच लोक ‘प्रीफॅब’ म्हणतात, तर मीही तेच म्हणते. पत्रांत घराबद्दल पानभर असतं आणि जमिनीबद्दल दोन ओळी. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. घरं विकत नाही. त्यामुळे उत्तरं जमिनीपासून सुरू होतील, कंटाळू नका.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही निवृत्त आहोत. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत 11 गुंठ्यांचा एनए (अकृषिक) प्लॉट बघितला आहे. डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये ओढा, त्यावर मोरी. जमीन अगदी सपाट, मुरूम टाकलेला आहे. 40 फुटी दोन कंटेनर शेजारी शेजारी ठेवून घर करायचा विचार आहे. प्रदर्शनात स्टॉलवाला म्हणाला, ‘काका, तुम्ही फक्त जागा दाखवा, एका दिवसात घर उभं करतो.’ प्लॉटवाला टोकन मागतोय. द्यावं का?
— सिंहगड रस्त्यावरचे एक वाचक

उत्तर : टोकन थांबवा. प्लॉट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण कच्चा रस्ता, मोरी आणि ‘अगदी सपाट’ या तीन गोष्टींची शहानिशा पैसे देण्याआधी करायची असते. नंतर केली तर फक्त मनस्ताप होतो.

एका दिवसात घर उभं राहतं हे खरं आहे, स्टॉलवाला थापा मारत नाही. फक्त तो दिवस उजाडायच्या आधी ट्रेलर तुमच्या प्लॉटवर उभा हवा. त्याच्या कोटेशनचं शेवटचं पान काढा. ‘साइटपर्यंतचा रस्ता व क्रेनसाठी जागा ग्राहकाने उपलब्ध करून द्यावी’ अशा अर्थाची एक ओळ बारीक अक्षरात बहुतेक सापडेल. तुमच्या सगळ्या प्रश्नाची मेख त्या ओळीत आहे.

40 फुटी कंटेनर 12.19 मीटर लांब आणि 2.44 मीटर रुंद असतो. ट्रेलरचं पुढचं केबिन धरलं की पंधरा-सोळा मीटरचं धूड होतं. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. तुमचा कच्चा रस्ता डांबरी रस्त्याला काटकोनात मिळत असेल, तर ती चाकं कोपऱ्यावरच्या शेताच्या बांधावर चढणार. तो बांध कोणाचा? तो शेतकरी चार तासांसाठी बांध मोडू देईल का? आधी चहा घेऊन बोललात तर देईल. ट्रेलर आडवा अडकल्यावर विचारलंत तर त्याचा भाव वेगळा असतो.

आता उंची. साधा कंटेनर 2.59 मीटर उंच, हाय क्यूब म्हणतात तो 2.90 मीटर. खाली ट्रेलरची पाटी सव्वा ते दीड मीटर. म्हणजे रस्त्यापासून साडेचौदा फुटांपर्यंत माल. आतल्या रस्त्यांवर विजेच्या तारांना झोल असतो, वडा-पिंपळाच्या फांद्या खाली आलेल्या असतात. सबंध अर्धा किलोमीटर चालत जा आणि वर बघत जा. तारेची उंची काठी लावून मोजायला मात्र जाऊ नका. एका वाचकांनी तसं केल्याचं मोठ्या अभिमानाने कळवलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते. गावच्या लाइनमनला विचारा, त्याला कुठली तार कुठे लोंबते हे पाठ असतं.

मोरीपाशी थांबा. खाली उतरून बघा : पाइप किती, त्यावर भराव किती, कडेचा कठडा फुटलाय का, दोन कठड्यांमध्ये मोकळी रुंदी किती. रिकामा 40 फुटी कंटेनर पावणेचार टनांच्या आसपास असतो. आतून इन्सुलेशन, प्लायवुड, संडास-बाथरूम, किचनचा ओटा झाला की सहा-सात टनांवर सहज जातो. ट्रेलरचं वजन वेगळं. शिवाय तो उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, याच मोरीवरून येणार, तिचं स्वतःचं वजन दहा टनांच्या पुढे. हायड्राबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे : 14 टनी हायड्रा म्हणजे 14 टन कुठेही उचलते. तसं नसतं. बूम, म्हणजे तिचा हात, जितका लांब काढाल तितकी तिची ताकद घटते. म्हणून ती उभी राहणार ती जागा घराच्या अगदी लगत, पक्की आणि वरून तारा नसलेली हवी. दोन कंटेनर शेजारी शेजारी म्हणजे दुसरा ठेवताना पहिला वाटेत येणार; कुठला आधी उतरवायचा हेसुद्धा जागेवर उभं राहून ठरवायचं असतं.

यातलं निम्मं काम फुकट होण्यासारखं आहे. शेजारच्या प्लॉटवर किंवा वस्तीवर बोअर मारलाय का ते विचारा. बोअरची गाडी गेली असेल तर वजन आणि उंची यांची बरीच खात्री झाली. लांबीची नाही. लांबीसाठी ज्याचा ट्रेलर येणार त्या ड्रायव्हरला एक दिवस मोटारीत घालून तिथे घेऊन जा, त्याला जेवण आणि दिवसाची मजुरी द्या. आर्किटेक्टला नेण्याआधी त्याला न्या, असं मी माझ्या क्षेत्रातल्या लोकांचा रोष पत्करून सांगते. ड्रायव्हरने नाही म्हणून मान हलवली तर 20 फुटी चार कंटेनरचा विचार करा. तेही नको असेल तर पॅनेलचं घर घ्या, ते टेम्पोतून सुटं येतं, जागेवर नटबोल्टने जोडतात आणि क्रेनही बहुधा लागत नाही.

रस्त्याचा दुसरा भाग कागदावरचा. तो अर्धा किलोमीटर मंजूर लेआउटमध्ये रस्ता म्हणून दाखवलाय, की कोणाच्या तरी शेतातून ‘पूर्वापार वहिवाट’ आहे? वहिवाट असेल तर ज्या गटातून रस्ता जातो त्या गटाचा सातबारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात तिची नोंद आहे का बघा. बैलगाडीची वाट देणारा माणूस ट्रेलरला वाट देईलच असं नाही.

आता ‘जमीन अगदी सपाट’ याबद्दल. वेल्हे, मुळशी, भोर, मावळ या पट्ट्यात डोंगरउतारावर सपाट तुकडा दिसला की मला पहिली शंका येते ती भातखाचराची. खाचर सपाट असतं ते मुद्दाम, पाणी साचून राहावं म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून त्याची माती अशी घोटलेली असते की पाणी खाली झिरपत नाही. इंद्रायणी तांदळासाठी ते उत्तम, घरासाठी नाही. प्लॉटवाला बांध मोडतो, दोन-तीन फूट मुरूम टाकतो, रोलर फिरवतो आणि जानेवारीत तुम्हाला दाखवतो. आजूबाजूच्या तुकड्यांकडे बघा. पायऱ्यांसारखे उतरत गेलेले असतील तर तुमचाही तुकडा त्याच जिन्यातली एक पायरी आहे.

याचा कंटेनरशी काय संबंध? कंटेनर चार कोपऱ्यांवर भार घेतो. दोन कोपरे मूळ पक्क्या जमिनीवर आणि दोन ताज्या भरावावर आले, तर एक-दोन पावसाळ्यांत भराव बसतो, कंटेनर किंचित पिळवटतो. तुम्हाला ते कळतं सरकत्या खिडकीवरून : ती अडकायला लागते. मग दोन कंटेनरच्या सांध्यातून पाणी. तेव्हा जेसीबीवाल्याला अर्ध्या दिवसासाठी बोलवा आणि घराच्या चार कोपऱ्यांच्या जागी खड्डे घ्या. वर लाल मुरूम, खाली राखाडी चिकट थर, कधी त्यात भाताची कुजलेली मुळं, मग खरा मुरूम किंवा कातळ असे थर कापलेल्या केकसारखे दिसतात. पक्का थर प्रत्येक खड्ड्यात किती फुटांवर लागला ते लिहून ठेवा. पेडेस्टल, म्हणजे घराखालचे काँक्रीटचे बुटके खांब, त्या थरापर्यंत न्यायचे, वरच्या भरावावर टेकवायचे नाहीत. चारही ठिकाणी पक्का थर तीन-चार फुटांत असेल तर काळजी नाही. एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला दहा असेल तर घराची जागा प्लॉटमध्येच सरकवा. 11 गुंठे म्हणजे जवळजवळ बारा हजार चौरस फूट, त्यात 640 चौरस फुटांच्या घराला दुसरी जागा सापडेल.

खड्डे घेतलेच आहेत तर त्याच दिवशी शोषखड्ड्याची परीक्षा उरका. सेप्टिक टँक जिथे करायचा त्याच्या पुढे हातभर रुंद, तीन फूट खोल खड्डा करा. आदल्या दिवशी भरपूर पाणी ओतून जमीन मुरवून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी ओता, पट्टी लावा आणि पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. तासापेक्षा जास्त लागली तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, पावसाळ्यात संडास तुंबणार. खाचराच्या मातीत असं हमखास होतं. शोषखड्डा कुठल्याही विहिरीपासून किंवा बोअरपासून 18 मीटर तरी लांब हवा, आणि यात शेजाऱ्याचा बोअरसुद्धा आला.

ओढा तुमच्या प्लॉटला किती जवळ आहे हे लिहिलेलं नाही. काठावरच्या बाभळी-करंजांच्या फांद्यांत वाळका पालापाचोळा, दोऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्या कुठल्या उंचीला अडकल्यात ते पाहा. पाणी गेल्या पावसाळ्यात तिथपर्यंत होतं. तुमच्या घराचं तळ त्याच्या बरंच वर हवं. नदीकाठच्या प्लॉटला तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघाव्याच लागतात : निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही, मग ते विटांचं असो की पत्र्याचं.

कागद थोडक्यात : एनए आदेशाची प्रत, मंजूर लेआउट, तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा आणि भूमी अभिलेखकडची मोजणीची ‘क’ प्रत. ‘एनए प्लॉट’ ही पाटी म्हणजे एनए आदेश नव्हे. सातबारा वीस जणांचा सामाईक असेल तर उठून या.

हे सगळं झालं आणि तरी प्लॉट आवडला, तर एकदा जुलैत जाऊन या. छत्री न्या. मग टोकन द्या.

प्रश्न : आमची शिरूर तालुक्यात तीन एकर बागायत आहे. शेतावर दोन खोल्यांचं पफ पॅनेलचं घर करायचं आहे. कंपनीचा माणूस म्हणतो घर हलकं आहे, पायाची गरज नाही, सिमेंटचे ब्लॉक ठेवून त्यावर बसवू. जमीन काळी, पाच-सहा फूट खोल. वडील म्हणतात काळ्या रानात बिनपायाचं घर टिकत नाही. कोणाचं ऐकू?
— एक शेतकरी

उत्तर : वडिलांचं.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मेमध्ये तुमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कंपनीचा माणूस म्हणतो त्यातली गोम अशी की अशा मातीत हलकं घर जड घरापेक्षा जास्त त्रास भोगतं. फुगणारी माती खालून वर ढकलते. दगडी वाड्याचं वजन त्या ढकलण्याला बऱ्यापैकी पुरून उरतं. पफ पॅनेलच्या खोलीचं वजन ते किती! शिवाय फुगवटा सारखा नसतो. घराच्या कडेला पाऊस लागतो तिथे माती फुगते, मधली कोरडी राहते. उन्हाळ्यात कडा आधी सुकतात, मधली ओल टिकून असते. वर्षातून एकदा घराच्या कडा वर, एकदा खाली. त्यात पागोळ्यांचं पाणी किंवा न्हाणीचं सांडपाणी एकाच कोपऱ्यात मुरत असेल तर तो कोपरा कायमच वेगळा वागतो. ब्लॉक तिरके होतात, पॅनेलचे सांधे उघडतात.

माती किती फुगते हे मोजता येतं. चाळून घेतलेली कोरडी माती दोन मोजपात्रांत दहा-दहा ग्रॅम घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि चोवीस तास तसंच ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हीतला फरक टक्क्यांत काढला की झालं. 50 टक्क्यांच्या आत असेल तर फार घाबरायचं कारण नाही, 100 च्या वर गेला तर पायाचा नीट विचार हवा. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा हा खेळ घरी काचेच्या बरण्यांत करून दाखवता यायचा. आता मातीचा नमुना पिशवीत भरून पुण्यातल्या एखाद्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत द्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ही चाचणी करून मिळते. शेतीच्या माती परीक्षणाचा अहवाल इथे उपयोगाचा नाही, त्यात नत्र-स्फुरद-पालाश असतं.

पाच-सहा फुटांखाली मुरूम लागत असेल तर सरळ तिथपर्यंत खड्डे घेऊन आरसीसी पेडेस्टल करा. पेडेस्टलच्या भोवती काढलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरा. घराचा तळ जमिनीपासून फूटभर तरी वर ठेवा, म्हणजे माती वर आली तरी तळाला टेकणार नाही. उंदीर-सापांचा त्रास कमी हाही फायदा. काळी माती पंधरा-वीस फूट खोल निघाली तर अंडररीम पाइल म्हणतात तसा तळाशी फुगीर पाया घ्यावा लागेल, आणि मग मी म्हणेन की रानातच दुसरीकडे, मुरमाड टेकाडावर घर न्या. तुमच्या आजोबांनी गोठा कुठे बांधला होता ते आठवा. बहुतेक तिथेच.

आता वारा. मोकळ्या रानात वळवाचं वादळ कसं येतं हे तुम्हाला सांगायला नको. भारतीय मानकांप्रमाणे पुण्यासाठी धरायचा मूळ वाऱ्याचा वेग 39 मीटर प्रतिसेकंद आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. ढोबळ हिशोब केला तर एवढा वारा सपाट छताला दर चौरस मीटरमागे 70 किलोंच्या आसपास जोराने वर ओढू शकतो. पफ पॅनेलच्या छताचं वजन तेवढ्याच जागेत दहा-बारा किलो. म्हणजे छत वजनावर बसलेलं नसतं, बोल्टांवर बसलेलं असतं. तेव्हा छत भिंतीला, भिंत खालच्या स्टीलच्या चौकटीला आणि चौकट पेडेस्टलमधल्या अँकर बोल्टला, अशी साखळी कुठेही तुटलेली नको. नुसत्या ठेवलेल्या सिमेंटच्या ब्लॉकला बोल्ट कुठे मारणार? हा प्रश्न कंपनीच्या माणसाला माझ्या नावाने विचारा.

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची वडिलोपार्जित 18 गुंठे जिरायत जमीन आहे. त्यावर चाकांवरचं छोटं तयार घर ठेवायचं आहे. गावात सगळे सांगतात की ते ‘बांधकाम’ नाही, वाहन आहे, त्यामुळे एनए नको, नकाशा नको. ग्रामपंचायत घरपट्टी लावून द्यायला तयार आहे. खरं काय?
— हडपसरच्या एक वाचक

उत्तर : मुंबई आणि आणखी काही भाग सोडून राज्यभर लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीची व्याख्या आहे. ती कशाचीही, कोणत्याही साहित्याची बनलेली रचना अशी आहे. विटा हव्यातच असं काही नाही. त्यात माणसं राहणार, स्वयंपाक करणार, संडास बांधणार, वीजजोड घेणार, चाकांखाली ओटा करणार, आणि तपासणीला आलेल्या माणसाला सांगणार की हे वाहन आहे? सांगून बघा. मी तरी त्या भरवशावर आठ-दहा लाख घालणार नाही.

ग्रामपंचायतीची घरपट्टी म्हणजे कराची नोंद. नमुना 8 चा उतारा हातात आला की लोकांना परवानगी मिळाल्यासारखं वाटतं, पण बेकायदा घरालाही कर लागतो आणि कर भरला म्हणून ते कायदेशीर होत नाही. तुमचं गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर परवानगी तिथून घ्यायची. नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाकडे विचारा.

18 गुंठ्यांत अडचण अशी की शेतघर म्हणून परवानगी घ्यायला निदान 0.4 हेक्टर, म्हणजे एक एकर क्षेत्र लागतं. तुमच्याकडे निम्म्याहून कमी आहे. दुसरी वाट मोकळी असू शकते : जमीन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत आहे का, किंवा आराखड्यात निवासी पट्ट्यात आली आहे का? तसं असेल तर महसूल कायद्यात अकृषिक वापराची वाट बरीच सोपी केलेली आहे. जमीन कुठल्या पट्ट्यात येते ते सांगणारा झोन दाखला काढा, शंभर जणांना विचारण्यापेक्षा तो एक कागद बरा.

आणि पुरंदर म्हणताय म्हणून : नियोजित विमानतळासाठी तालुक्यातल्या सात गावांत भूसंपादनाचा विषय आहे, रिंगरोडही त्या बाजूने जाणार आहे. तुमचा गट क्रमांक त्या याद्यांत आहे का हे प्रांत कार्यालयात जाऊन बघा. चाकांवरचं घर हलवता येतं हे खरं, पण त्याच्याखाली तुम्ही केलेला बोअर, ओटा आणि सेप्टिक टँक हलत नाही.

भावंडांची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांची लेखी संमती आत्ताच घ्या. घर आल्यावर सगळ्यांनाच तिथे सुट्टी घालवावीशी वाटते.

प्रश्न : मुळशीत धरणाकडे तोंड करून उतारावर प्लॉट आहे. दृश्य अप्रतिम! स्टीलचे उंच खांब उभारून त्यावर प्रीफॅब घर ठेवलं तर डोंगर कापावा लागणार नाही ना? तीन फोटो सोबत जोडले आहेत.
— बाणेर

उत्तर : दृश्य अप्रतिमच आहे, त्याबद्दल वाद नाही.

उतार एकास पाच किंवा त्याहून जास्त असेल तर तिथे बांधकामाची परवानगी मिळत नाही, खांबांवर असो की जमिनीवर. तुमचा उतार किती ते तुम्ही आणि एक गवंडी मिळून अर्ध्या तासात काढू शकता. गवंड्याकडे लेव्हल बघायची पारदर्शक नळी असते, तीत पाणी भरलेलं. तुम्ही वरच्या बाजूला नळीचं टोक जमिनीलगत धरून उभे राहा, पाणी जमिनीच्या पातळीला आणा. गवंडी सरळ उताराच्या दिशेने खाली जाईल. अंतर जमिनीवरून तिरकं मोजायचं नाही, दोरी आडवी ताणून पाच मीटर मोजायचे. तिथे त्याच्या टोकातलं पाणी जमिनीपासून किती उंच उभं राहिलंय ते टेपने बघा. एक मीटर किंवा जास्त भरलं तर विषय संपला. प्लॉटच्या तीन-चार ठिकाणी करा, कारण विकणारा नेहमी सगळ्यात सौम्य जागी उभं करून दाखवतो.

एक मीटरच्या आत आलं तर पुढचं बोलू. खांबांमुळे घराखालचा डोंगर कापावा लागत नाही, बरोबर. पण घरापर्यंतचा रस्ता, मोटार लावायची जागा आणि क्रेन उभी करायची सपाटी यासाठी कापावाच लागतो. उताराचा पायथा कापला की वरची माती आधार गमावते. मुळशीचा पाऊस पुण्यातल्या पावसाच्या कित्येक पट आहे, आणि आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये 30 जुलै 2014 च्या सकाळी काय झालं, दीडशेहून जास्त माणसं कशी गेली, हे या भागात उतारावर घर बघणाऱ्या कोणाला सांगावं लागू नये. तुमच्या प्लॉटच्या वरच्या अंगाला चढून जा. जमिनीत उताराला आडव्या लांब भेगा, बुंध्यापाशी वाकून मग सरळ वर गेलेली झाडं, कललेले विजेचे खांब, पूर्वी नव्हता तिथे पाझर, यातलं काहीही दिसलं तर भूगर्भतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर प्रीफॅबवाल्याचा भाव सपाट जमिनीचा असतो. खांब, त्यांचे तिरके आधार, कातळात रोवलेले बोल्ट, रस्त्याची संरक्षक भिंत आणि भिंतीमागच्या पाण्याला वाट हे सगळं त्यात नसतं. उतारावर नुसत्या भिंतीचा खर्च घराच्या जवळपास गेलेला मी पाहिला आहे. आधी भिंतीचा अंदाज काढून घ्या, मग घराचं कोटेशन उघडा.

फोटो परत पाठवते. त्यांच्यावरून उतार सांगता येत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात कडासुद्धा माळरान दिसतो. सर्व्हेअरकडून अर्ध्या मीटरच्या अंतराचा कंटूर नकाशा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा, करून घ्या आणि तो पाठवा, घर त्यावर कुठे बसतं का ते बघू.